पाणी तापेपर्यंत

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात वहिनीचे फोटो यायला लागले. एकामागोमाग एक, सगळे हॉट टबचे, म्हणजे गरम पाण्यात नुसतं बसायच्या मोठ्या टबांचे. आमच्यासारख्याच गावाकडच्या, सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचे. झाडांच्या कडेला टब, पाण्याखालून निळा उजेड, वर वाफ, काठावर घडी घातलेला टॉवेल आणि दोन ग्लास. पाचसहा फोटो पाहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एकाही टबात माणूस नाही. पोहण्याच्या तलावाच्या फोटोत निदान एखादं पोरगं नाक दाबून उडी मारत असतं. इथे कुणीच नाही. बसलेले लोक नुकतेच उठून गेलेत की अजून यायचेत, तेही कळत नाही.

शेवटच्या फोटोखाली वहिनीचा प्रश्न, "सांग ना, बसवायचा का?"

घर दादाचं आणि माझं, वडिलांकडून आलेलं. दोघांपैकी कुणीच तिथे राहत नाही, म्हणून तर भाड्याने देतो. सांभाळायला ठेवलेले काका-काकू आहेत. पूर्वी फोन करणारे विचारायचे, गाडी अंगणापर्यंत येते का, रात्री लाइट जाते का. हल्ली पहिला प्रश्न हॉट टबचा. नाही म्हटलं की, "बरं, कळवतो." आणि कळवतो म्हणणारा माणूस कधी कळवत नाही, हे भाड्याने घर देणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

माझं मत विचारण्यात तसा अर्थ नव्हता. मला पाण्यात नुसतं बसताच येत नाही. अंगावरून गेलेलं पाणी निघून गेलं पाहिजे, मोरीतून वळण घेऊन दिसेनासं झालं पाहिजे, तर ती आंघोळ. आपण ज्या पाण्यात बसलोय त्यातच आपण हळूहळू विरघळतोय हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. परक्या चार जणांबरोबर तर नाहीच. जपानमध्ये सामायिक गरम कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावं लागतं, पाण्यात जायचं ते मुरायला, मळ काढायला नव्हे. हे वाचलं तेव्हा जगात कुणीतरी माझ्या बाजूचं आहे असं वाटलं होतं. पण आमच्याकडे येणारी पोरं चिखलाच्या पायांनी पलंगावर चढतात. टबाआधी आंघोळ करा अशी पाटी लावली, तर तिचाही फोटो काढतील.

आता हे मी म्हणते खरी, पण लहानपणी सगळी सुट्टी मी पाण्यात बसून काढलेली आहे.

मोठ्या आत्याच्या परसात सिमेंटचा हौद होता. छातीएवढा उंच, आतून शेवाळलेला. पाणी यायचं ते विहिरीवरून टाकलेल्या काळ्या पाइपातून, आणि तो पाइप दिवसभर उन्हात पडलेला असायचा. दुपारी मोटर लागली की पहिल्या मिनिटाला त्यातून चटका बसेल असं पाणी यायचं. ती धार अंगावर घेण्याचा मान दादाचा, कारण तो मोठा. बाकीच्यांनी वयाप्रमाणे त्याच्यापासून लांब लांब बसायचं. हौदाचं वरचं वीतभर पाणी कोमट, त्याखाली एकदम गार. म्हणून आम्ही सगळे हनुवटीपर्यंत बुडून, पाय पोटाशी घेऊन बसायचो. गुडघे वरच्या पाण्यात आणि ढुंगण खालच्या. कुणी उगाच हात हलवला की दोन्ही पाणी एक व्हायचं आणि सगळे त्याच्यावर ओरडायचे. इतकं स्थिर बसणं मला त्यानंतर शाळेत, मांडवात, कुठेच जमलेलं नाही.

मग बोटं काढून दाखवायची. ज्याच्या बोटांना जास्त सुरकुत्या तो जिंकला. आम्हाला वाटायचं कातडी पाणी पिऊन फुगते. तसं नाही म्हणे. आतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून सुरकुत्या पडतात आणि ते काम मज्जातंतूंचं. बोटाचा तंतू तुटला असेल, तर ते बोट कितीही भिजवलं तरी गुळगुळीतच राहतं. म्हणजे आम्ही स्पर्धा लावायचो ती मज्जासंस्थेची, आणि मी बऱ्याचदा जिंकायचे.

आत्याला पत्ता लागायचा तो हौदाच्या भिंतीवरून. आम्ही बसलो की पाणी काठापर्यंत चढायचं, थोडं सांडायचं, आणि उठलो की ओली रेघ वर आणि पाणी खाली. "बाहेर या रे मेल्यांनो, कपड्यांचं पाणी आहे ते!" एवढ्यावर भागायचं. त्या पाण्याचं पीएच, म्हणजे आम्लता, वगैरे कुणी पाहिलं नाही. त्यातच पुढे कपडे धुतले जात आणि आम्ही ते घालत असू.

असो. वहिनीला हौदाचं सांगून उपयोग नव्हता. ती हिशोबी आहे, आणि तिचा हिशोब असा की टब असला तर थंडीतले नि पावसातले रिकामे शनिवार-रविवार भरतील. ते खोटं नाही. थंडीत आमच्या घरी करण्यासारखं काही नसतं. अंधार लवकर पडतो, पाहुणे दोन तास शेकोटीकडे बघतात आणि मग फोनकडे. बाहेर कडाक्याची थंडी आणि आपण गळ्यापर्यंत गरम पाण्यात, हे सुख माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आइसलँडमध्ये तेराव्या शतकात स्नोरी स्टर्लुसन नावाचा मोठा लेखक आणि सरदार होता. त्याच्या राहत्या जागेशेजारी गरम झऱ्याचं पाणी आणलेलं गोल दगडी कुंड आहे, चारेक मीटर रुंद. ते आजही दाखवतात. पाणी जमिनीतूनच गरम, वीजबिलाचा प्रश्न नाही. तरी १२४१ साली शत्रूंनी त्याच घरात शिरून त्याला मारलं, ते सोडा.

आजचा टब मात्र अशा सुखवस्तू माणसाच्या डोक्यातून निघालेला नाही. जकूझी नावाचे सात भाऊ इटलीतून कॅलिफोर्नियात गेले. आधी विमानांचे पंखे बनवत, मग विमानच बनवलं. १९२१ साली ते कोसळलं, त्यात एक भाऊ गेला आणि कुटुंबाने विमानांचा नाद सोडला. मग काय केलं, तर विहिरीचं पाणी उपसायचे पंप. पुढे त्यांच्यातल्या एकाच्या लहान मुलाला संधिवात जडला. दवाखान्यात घुसळत्या गरम पाण्यात ठेवलं की त्याला बरं वाटे, म्हणून बापाने घरच्या टबात सोडता येईल असा पंप केला. १९५६ पासून तो विकायला लागले, आणि १९६८ मध्ये त्याच घराण्यातल्या पुढच्या पिढीच्या रॉयने पंप टबाच्या अंगातच बसवला. आत्याच्या विहिरीवरची मोटर आणि वहिनीच्या फोटोतला टब यांचं असं लांबचं नातं निघालं. हे मी दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग घ्यायलाच पाहिजे."

दादा असाच आहे. पाइपाखाली बसायची सवय.

त्याने लगेच वजनाचं गणित केलं. टबात बाराशे लिटर पाणी, म्हणजे बाराशे किलो. टबाचं स्वतःचं वजन आणि पाच माणसं धरली की दोन टनांच्या आसपास. मागच्या पडवीवर ठेवला तर पडवी आणि पाहुणे एकदमच खाली जातील. तेव्हा अंगणात सिमेंटचा भक्कम ओटा लागणार. इथपर्यंत तो खूश होता, कारण बांधकाम म्हटलं की त्याला चढतं.

मी केलं ते दुसरं गणित. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सव्वा वॅट-तासाच्या आत वीज लागते. बाराशे लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं, तर २८ युनिट. टबाचा हीटर तीन किलोवॅटचा असेल, तर नऊ तासांहून जास्त. झाकण लावून, वारा नसताना. बरं, ४० च्या वर न्यायचंही नाही, त्याहून गरम पाणी धोक्याचं मानतात. एवढं करून त्यात बसायचं किती, तर एका वेळी पंधराएक मिनिटं. गरोदर बाईने आणि हृदयाचा त्रास असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, पाच वर्षांखालच्या पोरांनी नाहीच, आणि दारू पिऊन तर मुळीच नाही. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो, त्यात दारूची गुंगी, आणि झोप लागली की नाक पाण्याखाली. फोटोतल्या त्या दोन ग्लासांत बहुधा सरबत असावं.

खरी गंमत पुढे आहे. ब्रिटनमध्ये २०१७ ची सरकारी मार्गदर्शिका आहे, तीत भाड्याच्या सुट्टीघरांतल्या टबांचाही विचार केलेला आहे. तिचं सांगणं असं की पाहुण्यांचा एक गट गेला की टब रिकामा करा, घासा आणि नव्याने भरा. शहाणपणाचं बोलणं आहे. पण आमचे पाहुणे अकराला जातात आणि नवे दोनला येतात. मध्ये तीन तास. त्यात पाणी सोडायचं, टब घासायचा, बाराशे लिटर भरायचे आणि नऊ तास तापवायचे. दोन तासांत तापवायचं म्हटलं तर चौदा किलोवॅटचा हीटर हवा, आणि तो लावला की गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडाली म्हणून समजा. लाकडावरचे टब लवकर तापतात, पण मग सरपण घालत कुणीतरी बसायला हवं. मग जिथे शनिवारी सकाळी एक कुटुंब उठून जातं आणि दुपारी दुसरं त्याच वाफाळत्या पाण्यात उतरतं, तिथे काय होत असेल? मी वहिनीला एवढंच विचारलं. ती म्हणाली, "शी."

म्हणजे पाण्याचं पथ्य सांभाळायचं, तर सलग बुकिंग घ्यायची नाहीत. आणि सलग बुकिंग मिळावीत म्हणून तर टब.

हे म्हणजे दारात दुभतं जनावर बांधण्यासारखं आहे. ज्याला ते बांधायचंय त्याने गावात राहिलं पाहिजे. क्लोरीन निदान तीन पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तीन, पीएच सात ते ७.८ च्या दरम्यान, दिवसातून किमान दोनदा तपासणीची पट्टी बुडवून रंग जुळवायचा. गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडतो आणि माणसं बसली की आणखी भराभर संपतो. फिल्टर धुवायचा, झाकणाला कुलूप लावायचं, जाळीवरची पानं काढायची. हे करणार कोण? मी आणि दादा शहरात बसून सूचना देणार, आणि काका करणार.

काकांना विचारलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "औषध टाकीन हो मी, ताई. पट्टीपण बुडवीन. पण लोक बसणार रात्री बाराला, तेव्हा कोण बघणार?" आणि थोडं थांबून, "अन् एवढं पाणी सोडायचं कुठं? तुमच्या सेप्टिक टँकमध्ये सोडलंत तर टाकी मरंल." टाकी मरेल म्हणजे तिच्यातले घाण पचवणारे जीव क्लोरीनने मरतील. हे बोलून ते झाडांना पाणी घालायला गेले. झाडांनाही ते पाणी तसंच चालत नाही, क्लोरीन उतरेपर्यंत उघडं ठेवावं लागतं. त्याला जागा आणि दिवस दोन्ही हवेत, आणि पाहुणे दोनला येतात.

वहिनी म्हणाली, तू घाबरट आहेस, जगभर लोक बसतात. बसतातच. मी पुष्कळ गोष्टींना भिते, पण हे त्यातलं नाही. लिजिओनेला नावाचा जंतू आहे, तो साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, म्हणजे टबाचं तापमान त्याला अगदी मानवणारं. ते पाणी पिऊन तो बाधत नाही. बुडबुड्यांनी उडणाऱ्या बारीक तुषारांतून तो श्वासाबरोबर फुप्फुसात जातो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन होतं. तिथे एक टब मांडलेला होता, लोकांनी बघावा म्हणून, बुडबुडे चालू ठेवून. माणसं शेजारून गेली, ट्युलिप बघायला आलेली. त्यांना टबात उतरावंही लागलं नाही. शंभराहून जास्त आजारी पडली आणि निदान ३२ दगावली.

हे सांगितल्यावर दोन-तीन दिवस तिकडून एकही फोटो आला नाही.

मग दादाचा फोन आला. टबाचं राहू दे, म्हणाला, पण ओटा बांधून घेऊ. ओटा कधी वाया जात नाही. बांधला. जरा जास्तच भक्कम, दोन टन पेलेल असा. त्यावर चार खुर्च्या टाकल्या. परवा एका पाहुण्याने लिहिलं, बाहेर बसायची जागा छान आहे. वहिनीचं म्हणणं, हे ओट्याचं कौतुक नाही, टब नसल्याची तक्रार आहे. असेलही. दादाने ओटा ओतताना मधोमध वायरिंगचा पाइप टाकून ठेवलाय, हे तिने मला सांगितलेलं नाही. काकांनी सांगितलं.