चुलीचं तोंड आणि पॉम्पेई

दारव्ह्याकडच्या आमच्या घरी आजी पोळ्याला चूल पिवळ्या मातीने पोतारते. चूल सगळी पिवळी, पण जाळाच्या तोंडाशी चार बोटांचा पट्टा विटेसारखा लाल. मी रसायनशास्त्र शिकवतो, तरी त्या पट्ट्याकडे नीट पाहिलं ते इटलीतल्या पॉम्पेई या जुन्या रोमन शहराबद्दल वाचल्यावर.

इ.स. ७९ मध्ये शेजारचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि तिथल्या काही पिवळ्या भिंती उष्णतेने लाल झाल्या. पिवळ्या कावेतल्या गोएथाइट या लोखंडाच्या खनिजामधलं पाणी तापल्यावर निघून जातं, उरतं लाल हेमॅटाइट. म्हणजे 'पॉम्पेईचा लाल' म्हणून मिरवणाऱ्या काही भिंती मुळात पिवळ्याच!

तिथल्या भिंतींवरच्या इजिप्शियन निळ्या रंगाची तऱ्हा निराळी. वाळू, चुना, तांबं भाजून केलेला हा रंग. त्यावर लाल उजेड टाकला की तो अवरक्त प्रकाश सोडतो; डोळ्यांना दिसत नाही, खास कॅमेऱ्याला दिसतो. पुसट कण उरले असले तरी चमकतात.

ओल येणाऱ्या भिंतींना रोमन लोक चुन्यात कुटलेली कौलं घालत. आमच्या जुन्या विहिरीच्या चुन्यातही अशीच सुरखी, म्हणजे विटांची पूड, आहे. नखाने खरवडून पाहिली, नखच मोडलं.

आजीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माती शेकली का लाल होतेच. त्याले पुस्तक कायले पायजे?"