सुंभाने शिवलेली होडी

रामकुंडाच्या आसपास लहानपण गेलेल्या मला गलबतांची फारशी ओळख नव्हती. म्हणूनच गेल्या रविवारी नाशिकमधल्या हातबांधणीच्या होड्यांच्या छोटेखानी संग्रहालयात आईसोबत गेलो, तेव्हा एका होडीपाशीच बराच वेळ थबकलो. तिला एकही खिळा नव्हता. काठाशी पाडलेल्या भोकांतून काथ्याचा सुंभ ओवून फळी फळीला शिवलेली होती आणि सांध्यांत राळ भरलेली होती. अशी शिवण लाटेच्या माऱ्यात किंचित लवते, म्हणून होडी सहजी फुटत नाही. “गोधडीसारखेच टाके आहेत रे,” आई म्हणाली. अजिंठ्यातील ५व्या शतकातील चित्रावरून याच पद्धतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ मध्ये नौदलात दाखल झाले, हे मी तिला अभिमानाने सांगितले; तिने पुन्हा एकदा तो टाका हलकेच चाचपून पाहिला.