ग्रीन्सबर्गची शाळा, शुक्रवारची संध्याकाळ

भाच्यानं निघतानाच बजावलं होतं, "मावशी, शाळेच्या आत शिरायला मिळणार नाही हं. इथे अनोळखी माणसाला सोडत नाहीत. पण शुक्रवारी फुटबॉलची मॅच असते, तिकीट काढलं की मैदानावर कुणीही जावं." पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं घालवलेल्या बाईला शाळा बाहेरून बघायला सांगणं म्हणजे पुरणाचा वास घेऊन परत फिर म्हणण्यासारखं. तरी गेले.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहराहून पश्चिमेला हायवे ५४. पावणेदोन तासांच्या वाटेत नजर अडावी असं काही नाही. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना बुटकी, मांडीएवढी झुडपं आणि त्यांवर तांबूस कणसं. मी गाडी थांबवायला लावली. ज्वारी! इथे तिला मायलो म्हणतात आणि ती बहुतेक गुरांच्या पोटात जाते. भाकरीची गोष्ट कुणाला सांगणार?

ग्रीन्सबर्ग हे कॅन्ससमधल्या कायोवा काउंटीचं मुख्य ठिकाण. काउंटीचं मुख्य ठिकाण म्हणजे आपल्या मनात जिल्ह्याचं गाव उभं राहतं. इथली वस्ती २०२०च्या जनगणनेत ७४०! २००० साली दीड हजारावर होती. मधे काय झालं ते सगळ्या अमेरिकेला ठाऊक आहे. ४ मे २००७, शुक्रवार, रात्री पावणेदहाच्या सुमारास पावणेदोन मैल रुंदीचा टोर्नेडो गावावरून गेला. पंच्याण्णव टक्के गाव उद्ध्वस्त. भोंगा वेळेवर वाजला, लोक तळघरांत उतरले, म्हणून बळींचा आकडा ११वर थांबला. धान्याचं उंच काँक्रीटचं कोठार तेवढं उभं राहिलं. शाळाही गेली.

तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, शाळा ट्रेलरांत, म्हणजे चाकांवरच्या तात्पुरत्या खोल्यांत, भरली. लोकांची घरं बांधून व्हायची होती, कित्येक कुटुंबं परतायचं की नाही या विचारात होती, आणि शाळा सुरू! १९६७च्या कोयनेच्या भूकंपानंतर मांडवाखाली वर्ग भरायचे, असं आई सांगायची. शाळा भरली की आईबापाला परत यावंच लागतं, हे तिचं म्हणणं. पुढच्याच वर्षी, वादळाला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, दहावी-बारावीच्या निरोप समारंभासारखा इथला पदवीदान समारंभ झाला आणि भाषणाला खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश आले.

नवी इमारत २०१०ची. बालवर्गापासून बारावीपर्यंत सगळी मुलं एकाच छपराखाली. बाहेरून भिंतींना करड्या लाकडाच्या पट्ट्या. ते लाकूड कॅटरिना वादळानंतर गोळा केलेलं. एका वादळानं पाडलेलं दुसऱ्या वादळानं पाडलेल्याला. अंगणात शाळेची स्वतःची पवनचक्की, उष्णता आणि गारवा जमिनीच्या पोटातून. अख्खं गावच पर्यावरणपूरक पद्धतीनं उभं करायचं असं लोकांनी ठरवलं होतं. खर्च किती झाला असेल, या विचारानं मात्र मला आमच्या गळक्या वर्गाचे तीन वर्षं फिरलेले अर्ज आठवले.

जगातली सर्वांत मोठी हातानं खणलेली म्हणून मिरवली जाणारी विहीरही इथेच आहे, १०९ फूट खोल. पाहिली. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला बारामोटेची विहीर पाहिल्यावर विहिरींचं फार कौतुक राहत नाही.

मॅच सातला. मैदानाभोवती नुसते पिकअप ट्रक, आणि एकातून उतरलेला पोरगा जेमतेम चौदाचा वाटला. भाचा म्हणाला, कॅन्ससमध्ये शेतावर राहणाऱ्या मुलांना चौदाव्या वर्षी गाडीचा परवाना मिळतो, शाळेत आणि शेतात जाण्यापुरता. आमच्याकडची पोरं परवान्याशिवायच ट्रॅक्टर चालवतात, मी काय बोलणार.

अमेरिकन फुटबॉल एरवी अकरा-अकरांचा. इथे आठ-आठ, कारण अकरा आणायचे कुठून? मैदानही लहान, शंभराऐवजी ऐंशी यार्ड. आणि एक दयाळू नियम: मध्यंतराला किंवा त्यानंतर एका संघाकडे ४५ गुणांची आघाडी झाली की खेळ तिथेच संपतो. मध्यंतरात बँड आला. तुतारीवाला एक मुलगा खांद्यावर फुटबॉलचं चिलखत तसंच ठेवून वाजवत होता! खेळाडूही तोच, वाजंत्रीही तोच. शेजारच्या आजोबांचा तो नातू. त्यांनी मला खायला काय घेतलं विचारलं आणि चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, व दालचिनीचा गोड रोल एकत्र खायला लावला. शाळेत मिळणाऱ्या जेवणातली ही इथली जुनी जोडी म्हणे. तिखट आणि गोड एका घासात. वाईट नाही, गुळांबा-ठेचा समजा.

आजोबांना माझं गाव नकाशात दाखवायला फोन काढला, तर भाचा मधेच म्हणाला, "यांना सांग, तुमच्या गावाबाहेरच्या पवनचक्क्या मावशीच्या शेजारच्या आहेत." मला आधी कळलंच नाही. गावाला लागणारी वीज मिळावी म्हणून उभारलेल्या त्या पवनचक्क्या सुझलॉनच्या, म्हणजे पुण्याच्या कंपनीच्या. आजोबांनी ते नाव अगदी सहज घेतलं, मी 'कॉलगेट' म्हणते तसं.

परतताना अंधारात लाल दिवे लुकलुकत होते. वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या आमच्या सातवीच्या खिडकीतून दिसायच्या. पोरं गणित सोडून त्या मोजत बसायची आणि मी खडू फेकून मारायचे. त्या रात्री मागच्या काचेतून मी आठ मोजल्या.

"दहा आहेत गं," भाचा म्हणाला, "नीट मोज."