तिरफळाची चुलत बहीण

परवा दुपारी फडताळातले डबे पुसायला काढले, तेव्हा सर्वांत मागे, रव्याच्या डब्याच्या आडोशाला, एक लहान चौकोनी डबा हाती लागला. झाकणावर माझ्याच अक्षरात ‘चेंगदू’ एवढेच लिहिलेले होते. आत तांबूस, उमललेल्या टरफलांचा मूठभर ऐवज होता. डबा नाकाशी नेला, पण वास काही आला नाही. मग एक टरफल जिभेवर ठेवून, कुणी पाहत नाही ना याची खात्री करून, खुर्चीवर बसून राहिले.

२०१३ साली मी बीजिंगला चिनी भाषा शिकत होते. एक ऑक्टोबरला त्यांचा राष्ट्रीय दिन असतो आणि त्याला जोडून आठवडाभर सुट्टी असते. त्या सुट्टीत आम्हा परदेशी विद्यार्थ्यांची सहल निघाली: बीजिंगहून शीआन, तिथून चेंगदू आणि परत. त्या आठवड्यात निम्मा चीन प्रवासाला निघतो, हे आम्हाला रेल्वे स्थानकावर पोचल्यावर कळले. दहा-बारा देशांची तीसेक मुले, प्रत्येकाच्या पाठीवर एक पिशवी आणि त्या पिशवीत, नंतर उघड झाले त्याप्रमाणे, प्रत्येकाची एक बाटली किंवा पुडी. माझ्या पिशवीत आईने दिलेल्या कैरीच्या लोणच्याची शेवटची बाटली होती. पहिल्याच रात्री तिचे झाकण सैल झाले आणि तेल कपड्यांत उतरले. पुढचे सगळे दिवस मी हिंग आणि मोहरीचा वास येणारा स्वेटर घालून चीन पाहिला. प्राचीन शहरांचे माझे सारे फोटो त्या स्वेटरातले आहेत आणि आजही ते पाहताना मला आधी वास येतो, शहर मागून दिसते.

चीनहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: साप-विंचू खाल्लेस का? बीजिंगच्या वांगफूजिंगमध्ये काडीला टोचलेले विंचू विकायला असत आणि ते पाहायला पर्यटकांचीच गर्दी होई, हे खरे आहे. पण त्या विंचवांकडे पाहून मला कधी घरची आठवण आली नाही. जे संपूर्ण परके असते त्याच्याशी आपले काही देणेघेणे नसते. आपण त्याच्याकडे पाहतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. मला छळले ते जवळजवळ आपल्यासारख्या असणाऱ्या पदार्थांनी. इडलीसारखा पांढरा, मऊ, वाफाळता मान्थोऊ पानात यावा आणि तोंडात घातल्यावर त्यात मिठाचा कणही नसावा. टोमॅटो आणि अंड्याची भाजी समोर यावी, तिचा लालपिवळा रंग पाहून हात आपसूक पुढे जावा आणि ती गोड निघावी. बटाट्याच्या काचऱ्या म्हणून जे पान मी मोठ्या आशेने ओढून घेतले, त्यातला बटाटा दोऱ्यासारखा बारीक चिरून, शिर्का घालून, मुद्दाम करकरीत ठेवलेला होता. बटाटा करकरीत असू शकतो हे माझ्या मनाला अजूनही पटलेले नाही. चिन्यांना तो तसाच आवडतो आणि त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. पण काचऱ्यांना एक खरपूस कड असावी लागते, या मतावर मी ठाम आहे.

भाताची गोष्ट याहून अवघड होती. सहलीत दोन्ही वेळचे जेवण मोठ्या गोल मेजावर असे. मधोमध फिरती काच आणि तिच्यावर एकामागून एक येणारे आठ-दहा पदार्थ. आपल्या मनाची घडण अशी की ते सारे तोंडीलावणे आहे आणि खरे जेवण भात आला की सुरू होणार. त्यांच्याकडे मेजवानीत भात येतो सर्वांत शेवटी, कुणाच्या पोटात जागा राहिलीच असेल तर ती भरायला. तो लवकर मागणे म्हणजे आधी आलेल्या पदार्थांनी तुमचे समाधान झाले नाही असे सुचवण्यासारखे आहे, हे आमच्या चिनी बाईंनी मला तिसऱ्या दिवशी बाजूला घेऊन, अतिशय सौम्यपणे सांगितले. तोवर मी प्रत्येक जेवणाला बसल्या बसल्या ‘मीफान, मीफान’ करत असे आणि वाढणारी मुलगी माझ्याकडे काळजीने पाहत असे. बाईंनी सांगितल्यावर मी गप्प बसायला शिकले. मग भात येई तेव्हा भाज्यांच्या ताटल्या रिकाम्या झालेल्या असत, आणि मी लहानशा वाडग्यातला पांढरा भात, त्यावर ओतायला काहीही नसताना, काड्यांनी टिपत बसे. भात कालवायचा असतो. कालवण या शब्दातच ते आहे. तो टिपायची वेळ आली की आपण घरापासून किती लांब आहोत याचा हिशेब वेगळा करावा लागत नाही.

शीआनला जंगली हंसांचा मोठा पगोडा आहे. ह्युएन त्संगाने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी तो ६५२ साली बांधला गेला. तो भारतात येऊन गेला, आपल्या महाराष्ट्रातही आला आणि दुसऱ्या पुलकेशीविषयी लिहून गेला, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याने आपल्या जेवणाबद्दलही लिहिले आहे. हे लोक एकाच भांड्यात सगळे पदार्थ एकत्र करतात, बोटांनी खातात, चमचे आणि काड्या वापरत नाहीत, आजारी पडले तर मात्र तांब्याचा चमचा घेतात, अशी त्याची नोंद आहे. पगोड्याच्या पायऱ्यांवर बसून मी ती नोंद आठवत होते आणि माझी बोटे अक्षरशः शिवशिवत होती. सोळाएक वर्षे परमुलखात काढलेल्या या माणसाने इतरांची ताटे इतक्या बारकाईने पाहिली. स्वतःला गावाकडचे काय खावेसे वाटत होते, ते त्याने कुठे लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याच्याविषयीच्या एका जुन्या कथेत मात्र, तो निघताना सम्राटाने त्याच्या पेल्यात चिमूटभर माती टाकली, असे आहे. इतिहास म्हणतो की तो परवानगीवाचून निघाला होता, तेव्हा निरोपाचा पेला कुठला असणार? तरी कथा रचणाऱ्याला प्रवाशाच्या पिशवीत काय असते ते बरोबर ठाऊक होते. परगावी प्रकृती बिघडली की चिनी लोक ‘पाणी आणि माती मानवली नाही’ असे म्हणतात. आपण नुसते पाणी मानवले नाही म्हणतो.

त्याच संध्याकाळी शीआनच्या मुस्लिम वस्तीत बाई आम्हाला घेऊन गेल्या. निखाऱ्यांवर मटणाच्या सळया भाजल्या जात होत्या, धूर कोंदला होता आणि त्या धुरात एकदम जिऱ्याचा वास आला. मी थांबले. मागची मुले माझ्यावर आदळली. चिनी भाषेत जिऱ्याला ‘त्झरान’ म्हणतात. मध्य आशियातून आलेला, फारसी ‘झीरे’च्या गोतातला तो शब्द आहे आणि आपले जिरेही त्याच गोतातले. विक्रेत्याने मूठ भरभरून भरड जिरे सळयांवर उधळले. फोडणीत दोन बोटांच्या चिमटीने जिरे घालणाऱ्या घरातली मी. ती उधळपट्टी पाहून आधी आनंद झाला आणि मग आजीची आठवण होऊन दडपायला झाले.

शीआनहून चेंगदूची वेगवान गाडी २०१७ च्या डिसेंबरात सुरू झाली. आम्ही गेलो तेव्हा छिनलिंग पर्वत ओलांडणारी जुनी गाडी होती आणि तिला रात्रभर लागे. समोरासमोर तीन तीन फळ्या, दार नाही, खिडकीशी एवढेसे मेज आणि डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ. चिनी माणूस प्रवासाला निघतो तो या नळाच्या भरवशावर. संध्याकाळ झाली की कागदी वाडग्यातल्या शेवयांवर पाणी ओतले जाते आणि साऱ्या डब्याला एकच वास येतो. त्या शेवयांची सर्वांत खपणारी चव गोमांसाची, त्यामुळे माझ्या वाट्याला दुकानात उरलेली कोणती तरी केविलवाणी चव येई. त्या रात्री बाटल्या आणि पुड्या बाहेर निघाल्या. कझाक मुलाने कुर्त काढले: वाळवलेल्या खारट दह्याचे दगडासारखे गोळे, जे चघळायचे असतात. कोरियन मुलीपाशी तिखट लाल लगद्याची नळी होती. आणि घानाच्या मुलाने कापडात गुंडाळलेली एक काळपट बरणी उघडली. ते शितो. त्याच्या देशात वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर घरून ती बरणी येते, असे तो म्हणाला. सुकी मासळी, मिरची, आले आणि भरपूर तेल. मी काडीच्या टोकावर कणभर घेतले आणि ती आमची सुक्या जवळ्याची चटणी होती. आमची म्हणजे अगदी आमची नव्हे. खोबरे नव्हते, आंबट नव्हते. पण चीनच्या डोंगरात, मध्यरात्रीच्या सुमाराला, पश्चिम आफ्रिकेतल्या कुणा माउलीने जवळ्याची चटणी करून पाठवावी, याहून अधिक मी काय मागणार होते? मी त्याला उरलेले लोणचे दिले. त्याने ते खाल्ले, बराच वेळ विचार केला आणि माझ्या स्वेटरचा उलगडा झाल्याचे जाहीर केले.

चेंगदूला दुपारी एका लहानशा खाणावळीत मापो तोफू आले. ‘मापो’ म्हणजे देवीचे वण असलेली म्हातारी; अशा एका बाईच्या नावावर तो पदार्थ गेली शंभराहून अधिक वर्षे चालतो आहे. बाईंनी माझ्यासाठी खिमा न घालता वेगळा करवून घेतला होता. पहिला घास घेतला तेव्हा तिखट लागले, ते अपेक्षित होते. मग त्या तिखटामागून दुसरेच काही तरी आले. ओठांच्या कडांना मुंग्या आल्या, जीभ थरथरल्यासारखी झाली, लिंबाच्या सालीसारखा एक वास नाकात चढला आणि मी चीनमध्ये उरले नाही.

मालवणला आजीच्या परसात तिरफळाचे झाड होते. काट्यांमुळे त्याच्याशी कुणी लगट करत नसे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जात, बांगडा येई आणि त्याच सुमारास झाडावर हिरवे घोस लटकलेले असत. घोस काढायचे काम माझ्या भावाचे, आणि काटे टोचले की ओरडायचे कामही त्याचेच. बाकीची तिरफळे सुपात वाळत पडत. ती उकलली की आतले काळे चकचकीत बी काढून टाकायचे, हे मात्र माझ्याकडे. आजी बांगड्याचे तिखले उतरवण्याआधी सात-आठ तिरफळे ठेचून पाण्यासकट त्यात सोडी. तिरफळे खायची नसतात, ताटाच्या कडेला काढायची असतात. पण एखादे नजर चुकवून दाताखाली येईच. मग जीभ बधिर होई, पाणी प्यावे तर पाण्यालाही भलतीच चव लागे आणि आम्ही दोघे जिभा बाहेर काढून ओटीवर वाऱ्याला बसत असू. त्या अवस्थेला चिनी भाषेत ‘मा’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तिखटाला ‘ला’ असा वेगळा. आमच्या घरी असा शब्द नव्हता. आजी नुसते ‘तिरफळ लागले’ म्हणे, ऊन लागले म्हणावे तसे.

खाणावळीत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मेजावरच्या सर्वांनी ते तिखटाचे धरले. कुणी सोयाबीनचे दूध पुढे केले, कुणी भात मागवला, तोही जेवणाच्या मध्यावर, सगळे शिष्टाचार मोडून. मी बाईंना विचारले, यात काय आहे? त्यांनी स्वयंपाकघरातून मूठभर ‘ह्वाज्याओ’ आणून माझ्या तळहातावर ठेवले. आकाराने लहान, रंगाने तांबडे, पण तोंड तसेच उकललेले. तिरफळ आणि ह्वाज्याओ, दोघीही एकाच वनस्पतिकुलातल्या, एकाच प्रजातीगटातल्या, हे मी पुढे वाचले. त्या क्षणी वाचायची गरज नव्हती. नाकाने नाते लावून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाहाराला तांदळाची पांढरी पेज होती. घानाचा मुलगा बरणी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला आणि न विचारता त्याने माझ्या वाडग्यात चमचाभर शितो घातले. त्या दिवशी आईचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच होता, जेवलीस का? जुन्या पिढीतले चिनी लोकही रस्त्यात भेटल्यावर हेच विचारतात. मी हो म्हटले, आणि त्या संबंध वर्षात ते पहिल्यांदा खरे होते.

निघताना मी बाजारातून अर्धा चिन, म्हणजे पाव किलो, ह्वाज्याओ घेतले. सुट्टीत घरी आले तेव्हा मोठ्या अपूर्वाईने आजीच्या हाती पुडी दिली. तिने वास घेतला, एक दाणा चावून पाहिला आणि दुपारी बांगड्याच्या तिखल्यात तेच घातले. आम्ही सगळे जेवलो. कुणी काही बोलेना, तेव्हा मीच विचारले. आजीने ताटाच्या कडेला काढून ठेवलेली ती तांबडी टरफले बोटाने जरा सारखी केली. “बरे आहे,” ती म्हणाली, “पण हे तिरफळ नव्हे.”

उरलेल्या पुडीतला काही भाग मी पुण्याला आणला. कधी तरी मापो तोफू करायचे म्हणून ठेवला आणि केले नाही. करावेसे वाटले तेव्हा तोफू चांगले मिळाले नाही, तोफू मिळाले तेव्हा दुसरे काही तरी नव्हते. गंमत अशी की पुण्यात पावसाळी दुपारी कधी कधी मला त्या चेंगदूच्या खाणावळीची भूक लागते. मग तिरफळ घालून काही तरी करते आणि ते जवळजवळ तसे लागते.

जिभेवरच्या टरफलाचे पुढे काही झाले नाही. पाच मिनिटे वाट पाहिली, किंचित लाकडासारखी चव आली, तेवढीच. परसातले झाड आता नाही, आजीही नाही. डबा टाकून द्यायला हवा होता. पण रिकामा डबा करायचा तर त्यात भरायला दुसरे काही नव्हते, म्हणून पुसून पुन्हा रव्याच्या मागे ठेवला.