बाल्मी गल्लीतली चित्रे

आज सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातील भित्तिचित्रे निवांत पाहिली. चोविसाव्या आणि पंचविसाव्या रस्त्यांना जोडणारी बाल्मी ही चिंचोळी गल्ली घरांच्या मागच्या बाजूची असल्यामुळे तिथे लाकडी कुंपणे आणि गॅरेजची दारेच चित्रकारांच्या वाट्याला आली आहेत. मी पाहत असताना एक दार वर सरकले, त्यावर रंगवलेला चेहरा कपाळापासून दुमडत आत गेला, गाडी बाहेर पडली आणि चेहरा पुन्हा जागेवर आला!

१९८४ मध्ये रे पॅटलान यांच्या पुढाकाराने येथे चित्रकार एकत्र आले. मध्य अमेरिकेतील युद्धे आणि त्यांतील अमेरिकेचा हस्तक्षेप हा त्यांचा विषय होता, आणि त्या युद्धांतून जीव वाचवून आलेली अनेक कुटुंबे याच वस्तीत राहत होती. त्यामुळे या चित्रांना केवळ ‘रंगीबेरंगी’ म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

अठराव्या रस्त्यावरील विमेन्स बिल्डिंग या स्त्रियांच्या सामुदायिक केंद्रावर १९९४ मध्ये सात स्त्री-चित्रकारांनी ‘माएस्ट्रापीस’ हे भित्तिचित्र साकारले, त्यांत मीरा देसाई हे नाव वाचून साहजिकच आनंद झाला. निरनिराळ्या संस्कृतींतील वस्त्रांच्या नक्षीचे पट्टे भिंतीवरून उतरतात आणि त्यांत शेकडो स्त्रियांची नावे गुंफलेली आहेत. ती वाचता वाचता मान अवघडली.

मात्र घरभाडी वाढल्यामुळे लॅटिन अमेरिकी वंशाच्या असंख्य कुटुंबांना हा भाग सोडावा लागला. गल्लीतील काही नवी चित्रे याच विस्थापनावर आहेत आणि मला तीच अधिक प्रामाणिक वाटली.