गॉडझिलावरून थेट वेरूळला

झालं असं की गॉडझिलाची ती धाडधाड धून कुणाची हे बघायला गेलो आणि तीन आठवडे झाले, अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. १९५४ च्या त्या पिक्चरचं संगीत आकिरा इफुकुबेंचं, खरं तर एवढंच शोधायचं होतं. पण माणूस निघाला होक्काइदोचा, जंगलखात्यात नोकरी, संगीत बरंचसं स्वतःच शिकलेला, आणि १९३५ मध्ये, विशीतच, त्याच्या 'जपानी रॅप्सोडी' या ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेला चेरेपनिन बक्षीस (रशियन संगीतकार चेरेपनिनच्या नावाचं)! लावली. पहिला भाग रात्रीचा, निवांत, आणि दुसऱ्यात जत्रा, तालवाद्यं अशी सुटतात की मी दचकून आधी आवाज कमी केला.

मग ताकेमित्सू, हाही जपानी संगीतकार. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा झोप लागली. 'नोव्हेंबर स्टेप्स' १९६७ चं, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५ व्या वर्षासाठी लिहिलेलं, पहिल्यांदा वाजवलं तेव्हा कंडक्टर सेइजी ओझावा. मला वाटलं फ्युजन असेल, शाकुहाची म्हणजे बांबूची उभी बासरी, बिवा म्हणजे जपानी तंतुवाद्य, मागे व्हायोलिनं, सगळं गोडगोड. तसं काहीच नाही. दोन्ही वाद्यं ऑर्केस्ट्रात मिसळतच नाहीत, मध्ये तर ऑर्केस्ट्रा बराच वेळ गप्पच बसतो, बिवाची तार फाडकन वाजते, मग शांतता, मग नुसती फुंकर. इयरफोन लावून ऐका, स्पीकरवर ती फुंकर हरवते.

आणि हे सांगायला तर पोस्ट लिहायला घेतली. यासुशी आकुतागावा, हेही जपानी संगीतकार, कथाकार र्युनोसुके आकुतागावांचा मुलगा, त्यांची १९५८ ची सिंफनी, नाव काय? 'एलोरा'! म्हणजे आपलं वेरूळ!! मी नाव दोनदा वाचलं. हा माणूस लेणी बघून गेला, कैलास लेणं दगड रचून नाही तर वरून खाली कोरत, नको तो दगड काढून टाकत झालंय हे त्याच्या डोक्यात बसलं, आणि संगीतही असंच काढून टाकत करता येईल का या विचारातून ही सिंफनी आली. नॅक्सॉस या रेकॉर्ड कंपनीचं रेकॉर्डिंग आहे, न्यूझीलंड सिंफनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर ताकुओ युआसा. त्यात सतार-तबला शोधू नका, भारतीय 'टच' वगैरे नाही, संथ अंधारे तुकडे आणि मध्येच उसळून येणारा ताल. मी त्याच लेण्यात उभा राहून आलोय, पण माझं सगळं लक्ष फोटोत कळस नीट येतोय का याच्याकडे होतं.