सोळा टँकरचा हिशोब आणि आमची वार्षिक सभा

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत सोळा फ्लॅट. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, आणि एप्रिल लागला की बोअरची मोटर पाण्याऐवजी हवाच जास्त ओढते. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरशेजारी खड्डा करून मुरवायचा विषय दर सभेत निघायचा, 'पुढच्या वर्षी बघू' व्हायचं आणि चहा यायचा. सचिवपद माझ्या गळ्यात पडलं तेव्हा ठरवलं, यंदा ठराव करून घ्यायचाच.

तीन कोटेशनं मागवली. त्यातल्या एकाच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'खर्च ८५ हजार. वर्षाला १६ टँकर वाचतील. साडेचार वर्षांत पैसे वसूल.' सभेत हे एवढंच वाचलं असतं तरी निम्मे हात वर झाले असते. म्हणूनच ते आधी नीट तपासावंसं वाटलं. विरोधकाचा मुद्दा आपण भिंग लावून बघतो, आपल्या सोयीचा आला की डोळे मिटून घेतो.

आकडेमोड बरोबर होती. आमची गच्ची साधारण ४०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला (सोलापुरात हात राखूनच धरावा), तर २ लाख लिटर. पहिल्या पावसाची घाण सोडून द्यायची, काही सांडतं, काही उडतं, म्हणून पाचवा हिस्सा वजा. राहिले १ लाख ६० हजार. दहा हजार लिटरचा टँकर, म्हणजे सोळा.

तरी काहीतरी खटकत होतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवाद सुटा करून बघायची एक रीत मांडली होती, ती कॉलेजात शिकलेली आठवली. दावा काय, आधार काय, आणि आधारावरून दाव्यावर जाताना आपण न बोलता काय गृहीत धरतो. वहीत तीन रकाने आखले. दावा: सोळा टँकर वाचतील. आधार: गच्चीवर इतके लिटर पडतात. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'सप्टेंबरात जमिनीत सोडलेला प्रत्येक लिटर मे महिन्यात आमच्याच बोअरमधून वर येईल.'

लिहिलेलं वाचलं आणि हसू आलं. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण. पाणी थांबतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि भेगा काही कंपाउंडची भिंत बघून वळत नाहीत. आमचं पाणी शेजारच्यांच्या बोअरला जाईल, काही कुणालाच सापडणार नाही. सोळा टँकर वहीतून खोडले. जीवावर आलं, कारण सगळ्यात दणदणीत मुद्दा तोच होता.

दुसरा पुरावा होता मागच्या गल्लीतल्या सोसायटीचा. त्यांनी पाणी मुरवलं आणि पुढच्या उन्हाळ्यात बोअर टिकला, असं जो तो सांगत होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली नसेल कशावरून? त्या वर्षी पाऊसही बरा झाला होता. मग मी समोरच्या सोसायटीत गेले, जिथं असं काहीच केलेलं नाही. त्यांचाही बोअर त्या उन्हाळ्यात टिकला होता, फक्त मेच्या मध्यापर्यंत. मागच्या गल्लीतल्यांचा त्याच्या थोडा पुढं गेला. म्हणजे श्रेय बरंचसं पावसाचं, थोडं कदाचित खड्ड्याचं. त्या 'कदाचित'ला मी धरून बसले.

आता विरोधकांची बाजू. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मग उत्तर द्यायचं अशी शिस्त असते. तोही असा मांडायचा की समोरचा म्हणाला पाहिजे, हेच तर मला म्हणायचं होतं. यंत्रमागावर जन्म काढलेले तळमजल्यावरचे काका आमच्याकडचे सगळ्यात कडक विरोधक. त्यांच्या बाजूनं अर्धं पान लिहून त्यांनाच वाचायला नेऊन दिलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं. "काय सांगूलालाव ओ मॅडम, हे तर माझ्यापेक्षा भारी लिवलंय. पण एक राहिलं की." राहिलं होतं ते असं: ठेकेदार तुमच्या ओळखीचा आहे का?

घरी यावर चिडचिड झाली. 'हा तर सरळ तुझ्यावर घसरलाय,' असं मुलाचं म्हणणं. मला तसं वाटलं नाही. माणूस वाईट म्हणून मुद्दा खोटा, असं कोणी म्हणालं तर ती कुरघोडी. पैशाच्या व्यवहारात हितसंबंध विचारणं हा रास्त प्रश्न आहे. तिन्ही कोटेशनं फलकावर लावली आणि निवड समितीत काकांना घेतलं.

सभेत अपेक्षेप्रमाणं पहिला आवाज आला, "उजनी शंभर टक्के भरलंय, आता कशाला हे?" याची तयारी होती. उजनीत एकूण साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. टक्केवारी मोजतात ती वरच्या ५३-५४ टीएमसीची, म्हणून तर धरण 'उणे'त जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. पण खरा मुद्दा वेगळा. धरण काठोकाठ असतानाही आपल्याला रोज पाणी मिळालेलं नाही, कारण ते शंभरेक किलोमीटरवरून आणून शहरभर वाटायचं असतं. धरण भरलं म्हणजे आपली टाकी भरली, असं होत नाही. (हेच मान्य केल्यावर 'उजनी आटलं तर काय कराल' अशी भीती घालायलाही मला तोंड राहिलं नाही. सभेत दाखवायचे आटलेल्या धरणाचे दोन फोटो मी आदल्या रात्रीच काढून टाकले.)

एक गृहस्थ प्रत्येक वाक्याला 'याची गॅरंटी काय' म्हणत होते. न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे प्रकार सांगितलेत. स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडत राहायचं ती वितंडा. त्यांना मी एवढंच म्हटलं, काहीच न करणं हाही पर्याय आहे, त्याचं बिल बघू. आणि मागच्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या पावत्या टेबलावर ठेवल्या.

मग माझा दावा वाचला. किती टँकर वाचतील, सांगता येत नाही. उन्हाळ्यात बोअर काही दिवस जास्त टिकण्याची शक्यता आहे. पार्किंगमध्ये गच्चीचं पाणी तुंबतं ते थांबेल, हे नक्की. तळमजल्यावर शेंगाचटणी करून विकणाऱ्या मावशींच्या दाराशी दर पावसाळ्यात घोटाभर पाणी असतं. त्या सोळा टँकर ऐकून हलल्या नसत्या, हे ऐकून ताठ बसल्या.

ठराव झाला, पण अर्ध्या खर्चाचा. आधी एकाच विंगचं पाणी खड्ड्यात सोडायचं. दर शनिवारी मोटर सलग किती मिनिटं पाणी देते ते लिहायचं, समोरच्या सोसायटीचंही. दोन उन्हाळ्यांत फरक दिसला नाही तर दुसऱ्या विंगचा विषय बंद. ही शेवटची अट मीच घातली, आणि काकांचा हात त्यानंतरच वर गेला.

नोंदवही त्यांनी मागून घेतली. सचिवबाईंकडं दिली तर आकडे त्यांच्या सोयीचे येतील, असं भर सभेत म्हणाले. समोरच्यांचा आकडा आणायचं काम मात्र माझ्याकडं आलंय, आणि त्यांचा वॉचमन नेमका शनिवारीच सुट्टीवर असतो.